पेवातलं नाव

बारशाला आत्यानं माझ्या कानात सांगितलं ते
लाडमिळा.
आप्पांनी तीनदा घोकून घेतलं होतं तिच्याकडून,
लु-ड-मि-ला,
पण पाळण्याशी वाकल्यावर
तिच्या जिभेनं जमेल तेवढं केलं.
बायकांनी कुर्र म्हटलं, घुगऱ्या वाटल्या.
म्हणजे पहिल्यांदा कानात गेलं
तेच चुकीचं.

आप्पा सांगलीत हळदीच्या पेठेत हमाल.
युनियनच्या खोलीत एक मासिक यायचं,
गुळगुळीत कागदाचं, रॉकेलसारख्या वासाचं.
जुनं झालं की पोरांच्या वह्यांना कव्हर.
त्यात ट्रॅक्टरवर बसलेली एक बाई,
डोक्याला रुमाल, हळद निवडणाऱ्या
आमच्या बायका बांधतात तसाच,
आणि खाली नाव.
आप्पांना अक्षराला अक्षर जुळवता यायचं,
तेवढं त्यांनी वाचलं.
अर्थ?
"असंल की चांगलाच. उगं कोन छापतंय."

शाळेत मी लुडबूड होते.
रेशनकार्डावर लिलामिला.
मतदार यादीत एकदा उर्मिला, पुरुष, वय बावीस.
लग्नात नाव बदललं नाही;
नवरा म्हणाला, बदलायला आधी म्हणता तर यायला हवं.

सुट्टीत आप्पांचा डबा घेऊन हरिपूरला जायचे.
तिथं जमिनीच्या पोटात पेवं.
तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं,
आत खोलीएवढा अंधार,
आणि अंधारात वर्षानुवर्षं हळद,
कीड न लागता.
उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर वरच थांबायचं,
विडी ओढायची, वाट बघायची.
मी कडेला पालथी पडून बघायचे
खाली खाली जाणारा तो ठिपका.
एकदा आत माझं नाव ओरडले.
पेवानं अर्धंच परत दिलं.

मग पुराचं पाणी शिरलं. पेवं बसली.

गेल्या माघात मिरजेच्या दवाखान्यात
आप्पांच्या छातीत पन्नास वर्षांची हळद खरखरत होती.
डॉक्टर पोरगेला, विट्याचा, रशियात शिकून आलेला.
कागदावरची माझी सही बघून थबकला.
"ल्युद्मीला?"

इतकं मऊ कुणी म्हटलं नव्हतं.
पहिला ल असा,
की जीभ टाळूला टेकवावी आणि काढूच नये.
म्हणाला, तिकडं माझी घरमालकीण याच नावाची,
बर्फात उशीर झाला तर बटाटे उकडून झाकून ठेवायची.
म्हणाला, फार जुनं नाव आहे, स्लाव लोकांचं,
दोन शब्दांची गाठ मारलेलं.
ल्युद म्हणजे लोक.
मीला म्हणजे प्रिय, लाडकी.

मला आत्या आठवली.
अर्थ ठाऊक नसताना
बरोबर अर्थावर उतरलेली,
कंदिलाशिवाय.

आप्पांनी नळी बाजूला केली, "काय म्हनतोय?"
सांगितलं.
बराच वेळ छताकडं बघत राहिले.
"लोकं व्हय. मग हायच की बराबर."
पुढं खोकला आला,
त्यात बुडालं ते हसू असावं.

मला अजून पटलेलं नाही.
कुठले लोक?
लुडबूड म्हणणारे? यादीत पुरुष करणारे?
मी मार्केट यार्डात तोलाईच्या पावत्या लिहिते.
घट जास्त धरली की शेतकरी चिडतो,
कमी धरली की अडत्या.
सही करून करून नावाचा
एक ल उरलाय, पुढं नुसता फराटा.

आज का कोण जाणे, पावतीवर पूर्ण लिहिलं.
माल घेऊन आलेली बाई वाकून बघायला लागली,
बोटांच्या पेरांत पिवळं.
"काय ओ नाव हे तुमचं?"
सांगितलं.
तिनं म्हणून बघितलं, चुकली,
पदर तोंडाला लावून हसली,
आणि परत म्हणायला लागली.

मी पेन खाली ठेवलं.
दोरी आणखी थोडी सोडली.